आधी बसून हिशेब करा : गावच्या धान्यभांडाराविषयी पाठ

शास्त्रपाठ : लूक १४:२८–३०; उत्पत्ति ४७:१३–२५; लेवीय १९:३५–३६; प्रेषितांची कृत्ये ६:१–६; २ करिंथ ८:२०–२१.

पाठाचा हेतु : मंडळीने गावात धान्याचे व किराण्याचे सामाईक भांडार उघडण्यापूर्वी कोणता हिशेब करावा, आणि व्यापार व दया ही दोन्ही शुद्ध कशी राखावी, हे समजून घेणे.



सुगी आटोपली, तुरी खळ्यावरून घरी आल्या, ज्वारीची कणसे खुडून झाली, म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक विचार हटकून निघतो. उपासना संपल्यावर झाडाखाली बसलेली मंडळी बोलू लागते की, आपण किलो-अर्धा किलो माल महाग दराने घेतो. तोच सर्वांनी मिळून पोत्यांनी आणला व आपसांत वाटला तर काय वाईट? पैसा वाचेल, वजन पुरे मिळेल, आणि पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत कोणाच्या दारी हात पसरावा लागणार नाही. हा विचार चांगला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या भाकरी व सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांनी घरात धान्य असण्याची काळजी करावी हे योग्यच आहे. परंतु चांगल्या विचाराला चांगला हिशेब मिळाला नाही, तर त्यापासून मंडळीचे किती नुकसान होते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून प्रथम माझीच कबुली देतो.

१. एका बंद पडलेल्या दुकानाची हकिकत

२०१२ साली पावसाने दगा दिला. त्या वेळी मी एका लहान मंडळीचा पाळक होतो. मंडळीत ४३ घरे होती. डाळ व तेल घेताना लोकांचे फार हाल होत, म्हणून एका रविवारी आम्ही भांडार काढण्याचा ठराव केला. दर घरामागे ५०० रुपये वर्गणी ठरली व २१,५०० रुपये जमले. एका वृद्ध विधवा बहिणीने करडू विकून आपला भाग आणून दिला. उपासनामंदिराशेजारच्या जुन्या खोलीत पोती रचली, प्रार्थना केली, नारिंगी कागदाच्या पताका लावल्या आणि दुकान सुरू झाले. किल्ली माझ्याजवळ होती. वहीही माझ्याच घरी होती. कोणी तसे मागितले नव्हते. पण ‘पाळकसाहेबांजवळ असली म्हणजे काळजी नाही’ असे सर्वांस वाटले, आणि मलाही ते बरे वाटले.

पहिले तीन महिने आनंदाचे गेले. मग एके रात्री एक बंधू दारी आला. मूल आजारी, घरात दाणा नाही, हाती पैसा नाही. मी किलोभर डाळ व दोन किलो ज्वारी दिली व वहीत लिहून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात दुसरा आला. पुढे पुढे लिहिण्याचीही लाज वाटू लागली, कारण लिहिणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे माझ्या मनाने घेतले. पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवलेली दोन पोती पावसाळ्यात ओली झाली व त्यांत कीड पडली. अकराव्या महिन्यात नवीन माल आणण्यास पैसा उरला नाही, आणि दुकान बंद झाले.

धान्य बुडाले ते बुडाले. पण त्याहून मोठे नुकसान निराळेच होते. ज्यांच्याकडे उधारी राहिली होती त्यांनी लाजेने उपासनेस येणे सोडले. मदत म्हणून दिलेल्या डाळीने त्यांना मंडळीपासून तोडले. आणि ती वृद्ध बहीण माझ्याकडे आली, ती पैसे मागण्यास नव्हे. ती म्हणाली, “साहेब, पैसे गेले तर जाऊ द्या, पण हिशेब तरी एकदा सर्वांपुढे वाचून दाखवा.” मला तो वाचता आला नाही, कारण तो पुरा लिहिलेलाच नव्हता. तिचे ५०० रुपये मी पुढे माझ्या वेतनातून दिले. परंतु जो हिशेब लिहिलाच नाही तो मी कोठून आणणार?

२. बुरूज बांधणाऱ्याचे उदाहरण

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू अशा माणसाचे उदाहरण देतो की ज्याला बुरूज बांधावयाचा आहे. तो आधी बसून खर्चाची मांडणी करणार नाही काय? नाही तर पाया घालून काम अडते व पाहणारे हसतात. ह्या दृष्टांताचा मूळ विषय शिष्यत्वाची किंमत हा आहे, हे विसरू नये. तरी प्रभूने उदाहरणासाठी जी गोष्ट निवडली ती ऐकणाऱ्या प्रत्येकास उघड खरी वाटणारी होती : काम हाती घेण्यापूर्वी शहाणा मनुष्य बसतो व मोजतो. ‘बसतो’ ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. आम्ही उभ्याउभ्या ठराव केला होता.

तर बसून प्रथम काय मोजावे? पैसे नव्हे, तर तोंडे व ताटे. प्रत्येक घरी जाऊन विचारावे : घरात माणसे किती? महिन्यास तूरडाळ किती लागते? हरभऱ्याची डाळ, तेल, साखर, गूळ, मीठ, मिरची, चहा किती? ज्वारी-बाजरी घरच्या शेतातली कोणत्या महिन्यापर्यंत पुरते व त्यानंतर विकत किती घ्यावी लागते? हे सर्व एका कागदावर लिहावे. स्वयंपाक करणाऱ्या बहिणींना विचारावे. पुरुषांना विचारल्यास आकडे बहुधा अंदाजाचे मिळतात.

नंतर सरकारी स्वस्त धान्य दुकानातून काय मिळते तेही लिहावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास दर माणशी महिन्यास ५ किलो धान्य व अंत्योदय कुटुंबास घरामागे ३५ किलो धान्य ठरलेले आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाऊ लागले. आपल्याकडे त्यात मुख्यतः गहू व तांदूळ असतो. मग भांडारात गहू-तांदळाची थप्पी कोणासाठी रचावयाची? जे सरकारी दुकानात मिळत नाही व ज्यासाठी घराघरातून रोख पैसा जातो, ते डाळ, तेल, साखर व भाकरीचे धान्य हेच आपल्या भांडाराचे खरे सामान होय. आणखी एक सावधगिरी : सरकारी धान्य कोणी स्वस्तात विकावयास आणले तर ते कदापि घेऊ नये. ते गरिबाच्या वाट्याचे आहे आणि त्याचा व्यापार हा गुन्हा आहे.

३. एका पोत्याचा हिशेब

आता तरुण सभासदांनी कागद-पेन्सिल घ्यावी. पुढील दर केवळ उदाहरणाकरिता आहेत; आपापल्या बाजारचे दर त्या जागी घालावे.

समजा, ५० किलो तूरडाळीचे एक पोते ५,००० रुपयांस मिळाले. पुष्कळ जण येथेच म्हणतात, ‘डाळ १०० रुपये किलोने पडली, आपण १०४ ने विकू, किलोमागे ४ रुपये राहतील.’ पण थांबा. हमालीचे २० रुपये व टेंपोचे १३० रुपये धरा. पोते ५,१५० रुपयांस पडले. पुढे ५० किलोचे पोते किलो-अर्धा किलोने तोलून विकताना ५० किलो भरत नाही. काही सांडते, काही चाळणीखाली जाते, काही प्रत्येक तोलात थोडे थोडे अधिक पडते. ही तूट एक किलो धरा. विकावयास उरली ४९ किलो. ५,१५० ला ४९ ने भागले म्हणजे खरी पडत १०५ रुपये १० पैसे येते. तीच डाळ १०४ ने विकली तर हाती ५,०९६ रुपये येतील. म्हणजे पोत्यामागे ५४ रुपये तोटा. दुकानापुढे गर्दी होईल, लोक वाखाणतील, आणि दुकान रोज थोडे थोडे मरत जाईल. आमचेही असेच झाले.

आता गावात चालू भाव ११२ रुपये आहे असे समजा, व भांडारानेही त्याच भावाने विक्री केली. ४९ किलोचे ५,४८८ रुपये आले. खर्च वजा जाता ३३८ रुपये राहिले. ह्यातून खोलीचे भाडे, दिवाबत्ती, काटा, पिशव्या व विकणाऱ्याची मजुरी भागवावयाची आहे. विकणाऱ्याला काहीच न देता ‘प्रभूची सेवा’ म्हणून वर्षभर राबवून घेणे बरे नव्हे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे शास्त्र आपण पाळकांच्या वेतनासाठी तेवढे सांगू नये.

खर्च जाऊन वर्षअखेर जे शिल्लक राहील ते कोणाचे? ज्याने जितकी खरेदी केली त्याला त्या मानाने परत द्यावे. ही रीत नवी नाही. इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ जणांनी, ज्यांत पुष्कळसे विणकर होते, २८ पौंड भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडले. माल थोडा होता : पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. त्यांनी चालू भावाने, रोखीने व खऱ्या वजनाने विक्री केली आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटला. भांडवल ज्याचे अधिक त्याला मते अधिक, असे न करता प्रत्येक सभासदास एकच मत दिले. जगभरच्या सहकारी भांडारांनी हे नियम पुढे उचलले.

४. खरा काटा व कोरडी खोली

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना खरा तराजू, खरी वजने व खरी मापे ठेवण्यास सांगतो, आणि त्याच दमात आपण त्यांना मिसरातून सोडवून आणले ह्याची आठवण देतो. ह्याचा अर्थ असा की माप ही केवळ बाजाराची गोष्ट नव्हे. ज्यांना देवाने गुलामीतून सोडविले त्यांनी दुसऱ्याला मापात गुलाम करू नये. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असे शिकविले आहे. तेव्हा भांडाराचा काटा शासनाच्या वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा व मुदतीस पुन्हा तपासून घ्यावा. वजनमापांविषयीचा २००९ चा कायदा हे मागतो, आणि कायदा नसता तरी आपला धर्म हे मागतोच. काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे असावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, ती विक्री सुरू करण्यापूर्वीच करावी. सुटे खाद्यतेल विकण्यास २०११ च्या नियमांनी बंदी घातली आहे; यास्तव तेल बंद पिशवीत किंवा डब्यातच ठेवावे, डबा फोडून मापाने विकण्याच्या भरीस पडू नये.

साठवणीविषयी आपले वाडवडील आपल्यापेक्षा जाणते होते. कणगी शेणामातीने लिंपणे, धान्यात कडुलिंबाचा पाला घालणे, उन्हात वाळवून मगच भरणे, ह्या गोष्टी ते उगीच करीत नसत. धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला म्हणजे बुरशी व कीड यांना फावते. घरगुती परीक्षा ही की दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटावा. चेपला तर तो अजून ओला आहे. पोती जमिनीवर ठेवू नयेत. लाकडी फळ्यांवर ठेवावी व भिंतीपासून हात-दीड हात दूर असावी, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही व मागून उंदीर-घूस लागली तर दिसते. पहिले आलेले पोते पहिले विकावे. नवे पोते पुढे व जुने मागे, अशी रचना झाली की जुन्यात सोंडे पडलेच म्हणून समजा. मीठ व गूळ धान्यापासून निराळे ठेवावे, कारण ते हवेतली ओल ओढतात. कीड मारण्याच्या विषारी गोळ्या आणून बंद खोलीत ठेवणे तर कधीच करू नये. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही जीव घेतो. शेजारी निजलेल्या लेकराला तो सोडीत नाही.

५. उधारी आणि दया

येथे ह्या पाठाचा गाभा आहे. शांतपणे वाचावे.

वरच्या हिशेबात एका पोत्यामागे ३३८ रुपये राहिले. त्या पोत्यातील केवळ तीन किलो डाळ उधारीत बुडाली तर ३३६ रुपये गेले; ४९ किलो तोलल्याचे फळ दोन रुपये. चार किलो बुडाली तर ४४८ रुपये गेले व घरातून ११० रुपये घालावे लागले. म्हणजे दुकान बुडविण्यास चोर लागत नाही. चार कनवाळू दिवस पुरे होतात. रॉचडेल येथेही त्या प्रसिद्ध दुकानाच्या आधी १८३३ मध्ये असेच एक दुकान निघाले होते. ते उधारीने दोन वर्षांत बंद पडले. पुढच्यांनी रोखीचा नियम इतका कडक का पाळला, हे ह्यावरून समजते.

‘मग भुकेल्याला हाकलून द्यावयाचे काय?’ असे कोणी विचारील. नाही. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, उपाशी भावाला नुसते गोड बोलून वाटेस लावणाऱ्याच्या विश्वासाला मेलेला म्हणतो. पण मी जे केले ते दया होते काय, ह्याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला आहे. ती डाळ माझी नव्हती. ती ४३ घरांची होती, त्या करडू विकणाऱ्या बहिणीची होती. दुसऱ्याच्या ठेवीतून, त्याला न विचारता, मी उदार झालो. आणि ज्याला दिले त्याला मी दान म्हणून मोकळेही केले नाही, ऋण म्हणून फेडण्याची वाटही दाखविली नाही. अर्धवट लिहिलेल्या वहीत त्याला बांधून ठेवले. व्यापारही बुडाला आणि दयाही नासली.

ह्यावर उपाय असा की दोन भांडी ठेवावी. एक दुकानाचा गल्ला. त्यातून उधार कोणालाही नाही, पाळकाला नाही, वडिलांना नाही, पंचाला नाही. दुसरे दयेचे मडके. त्यातून जे जाईल ते दान म्हणूनच जाईल व परत मागितले जाणार नाही. हे मडके कशाने भरावे? मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या बहिणींनी १९१० पासून एक रीत चालविली आहे. रोजचा भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ प्रभूच्या कामासाठी बाजूला काढावयाचा. त्या मुठीमुठींतून तेथे मंडळीचे मोठे काम उभे राहिले. आपण ज्वारीची मूठ काढावी. ४० घरांनी रोज एक मूठ काढली, आणि एक मूठ सुमारे ५० ग्रॅम धरली, तर दिवसाला दोन किलो व महिन्याला ६० किलो धान्य जमते. इतक्यात आजारी घराला, बाळंतिणीला, परगावाहून ऊसतोडीवरून रिकाम्या हाती परतलेल्या कुटुंबाला आधार देता येईल. देणे गुप्त असावे, दोन बहिणींनी मिळून द्यावे, व त्यांची नावे घेणाऱ्यांच्या वहीत न लिहिता किती किलो गेले एवढेच लिहावे. मग कोणी लाजेने उपासना सोडणार नाही.

६. किल्ली कोणाच्या हाती?

योसेफाच्या कोठारांची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत अर्धीच शिकवितो. सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठविला व दुष्काळात लोक वाचले, येथे आपण थांबतो. परंतु उत्पत्तीच्या सत्तेचाळीसाव्या अध्यायात पुढची हकिकत आहे. लोकांनी धान्यासाठी आधी पैसे दिले, मग गुरे दिली, मग जमीन दिली, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. जीव वाचला, पण ज्याच्या हाती कोठाराची किल्ली त्याच्या हाती सर्व देश गेला. आपल्या गावांनी सावकाराच्या कणगीपुढे हेच पाहिले आहे. मंडळीच्या भांडारातून नवा सावकार उत्पन्न होऊ नये, मग तो सावकार पाळकाच्या झग्यात का असेना.

यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी काम आपल्या हाती अधिक घट्ट धरले नाही. ते सोडून दिले. मंडळीने सात जण निवडले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच वाटणारे निवडले गेले, असे ह्यावरून दिसते. आपणही असेच करावे. समितीत वेशीबाहेरच्या वस्तीवरील कोणी असावा, विधवांपैकी कोणी असावी, निदान अर्ध्या बहिणी असाव्या. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली देणगी एकट्याने नेली नाही. देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा म्हणून सोबत बंधू घेतले. प्रेषिताला जी सावधगिरी कमीपणाची वाटली नाही ती आपल्याला का वाटावी?

ह्याची रीत अशी. किल्ली एकाजवळ, वही दुसऱ्याजवळ, रोकड तिसऱ्याजवळ. पाळकाजवळ तिहींपैकी काहीच नाही. रोकड दर आठवड्यास संस्थेच्या नावे बँकेत जावी. मंडळीच्या अर्पणाचा पैसा व भांडाराचा पैसा कधीही एकत्र करू नये. मंदिराची खोली वापरावयाची असेल तर मालमत्तेच्या विश्वस्तांची लेखी परवानगी घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर हिशेब मोठ्याने वाचावा : माल किती आला, किती गेला, किती नासला, गल्ल्यात किती आहे. काम वाढले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नोंदणी करावी. त्यासाठी निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा जण लागतात.

७. दुकानाच्या आधी वाटप

इतके वाचून कोणी घाबरेल, म्हणून एक सोपी सुरुवात सांगतो. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दाखविलेली ही वाट आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो. प्रत्येक घर महिन्याची यादी देते. माल घाऊक आणला जातो. सभासद स्वतःच तो आपसांत वाटून घेतात. खेड्यातील मंडळीलाही हे जमण्यासारखे आहे. महिन्याच्या एका रविवारी यादी व पैसे दोन्ही घ्यावे. शनिवारी दोघांनी तालुक्याच्या बाजारातून पोती आणावी. त्याच संध्याकाळी सर्वांपुढे तोलून वाटावी. खोली लागत नाही, माल पडून राहत नाही, कीड लागत नाही, आणि पैसे आधीच आल्यामुळे उधारीचा प्रश्नच उठत नाही. तूर व हरभरा सुगीला शेजारच्या शेतकऱ्याकडूनच घेता आला तर टेंपोचे भाडेही वाचेल व पैसा गावातच राहील. असे सहा महिने बिनतक्रार चालले व सहाही महिन्यांचे हिशेब वाचून झाले, तर मग दुकानाचा विचार करावा. सहा महिने चालले नाही, तर दुकानही चालले नसते असे समजून देवाचे आभार मानावे, कारण नुकसान थोडक्यात टळले.

हे वाटप केवळ ख्रिस्ती घरांसाठी नसावे. गलतीकरांस पौल सर्वांचे बरे करण्यास सांगतो. शेजारी कोणत्याही धर्माचा व जातीचा असो, जो नियम पाळील तो सभासद. आणि गावच्या किराणा दुकानदाराविषयी वाईट बोलू नये. त्याने अनेकांना अडीअडचणीत माल दिला आहे, व त्याची जुनी बाकी न फेडता आपल्या भांडारात रोखीने खरेदी करणे हा प्रामाणिकपणा नव्हे. आधी त्याची बाकी फेडावी. त्यासाठी मंडळीने एकमेकांस आठवण द्यावी.

ज्या गावी माझे दुकान बुडाले तेथे मी नंतर दार ते दार गेलो. ज्यांची नावे वहीत होती त्या प्रत्येकाला सांगितले की, ही बाकी आता राहिली नाही, चूक माझी होती, उपासनेस या. काही आले. एक कुटुंब आजपर्यंत आलेले नाही, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावाचून मी भांडाराविषयी कोठेही बोलत नाही. प्रिय वाचकहो, आपल्या गावी असे एकही घर दूर जाऊ नये, म्हणून हा पाठ लिहिला. पाया घालण्यापूर्वी बसा, मोजा, मग उठा आणि बांधा.

चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या मंडळीतील घरांना महिन्यास डाळ, तेल व साखर किती लागते? येत्या आठवड्यात हे विचारण्यास कोण जाईल?

२. आपल्या बाजारचे दर घालून एका पोत्याचा हिशेब मांडा. तूट, हमाली व भाडे धरल्यावर खरी पडत किती येते?

३. गल्ला व दयेचे मडके निराळे का ठेवावे? दोन्ही एक केल्यास घेणाऱ्याचे काय नुकसान होते?

४. कृत्ये ६ मधील सात जणांच्या निवडीवरून आपल्या समितीत कोणाला घ्यावे असे तुम्हांस वाटते? आजवर कोण वगळले गेले?

५. मंडळीपासून पैशाच्या किंवा उधारीच्या लाजेने कोणी दूर गेले आहे काय? त्याच्या दारी कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : आपल्या हातांतील माप खरे राहावे, वही उघडी राहावी, आणि कोणी भुकेला आपल्या दारातून लाज घेऊन परत जाऊ नये.